सर्व्हायव्हल गेममध्ये सगळा दिवस खाण्यापाण्यातच जातो, त्यावर उपाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कुठलाही सर्व्हायव्हल गेम, म्हणजे खाणंपाणी मिळवत तग धरायचा व्हिडिओ गेम, सुरू केला की पहिले तीन-चार दिवस बरे जातात, पण पुढे सगळा वेळ खाणं आणि पाणी शोधण्यातच जातो. बेस, म्हणजे मुक्कामाचं ठिकाण, अर्धवट राहतो, नकाशा फिरून होत नाही आणि शेवटी कुठेतरी लांब असताना तहानेने मरायला होतं. भूक-तहान दाखवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बार, कायम भरलेले ठेवायचे का आणि साठा किती असला म्हणजे पुरे, हे तुम्ही विचारलं आहे.

मी गेली बरीच वर्षं याच प्रकारचे गेम खेळतो आहे आणि नव्या खेळाडूंबरोबर बसून त्यांचे सेव्ह, म्हणजे चालू डाव, मार्गी लावण्यातही पुष्कळ तास घातले आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत मला एकच गोष्ट दिसली. बेसमधल्या पेटीत खायला भरपूर असतं, कमी पडतो तो दिवस. बार जरा उतरला की हातातलं काम टाकून खायचं, पाणी संपलं की परत फिरायचं, पुन्हा निघायचं. असं दिवसातून पाच-सहा वेळा झालं की संध्याकाळ होते. म्हणून "खाणं कुठे मिळेल" या प्रश्नापासून मी सुरुवातच करत नाही. एका दिवसाचं खाणंपाणी मिळवायला दिवसातला किती वेळ जातो, तेवढा आकडा काढायचा आणि तो खाली आणत राहायचं. पुढे जे सांगतो आहे ते सगळं त्या एका आकड्यासाठी आहे.

त्याआधी तुमच्या गेममधली भूक नेमकी कशी चालते ते पाहून घ्या. बार दिसायला सारखे असले तरी त्यांच्यामागचे नियम फार वेगळे असतात. व्हॅलहाइम या गेममध्ये उपाशी राहून कोणी मरत नाही. रिकाम्या पोटी तुमच्याकडे २५ हेल्थ (जीव) आणि ५० स्टॅमिना (दम) असतो, आणि एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ खाऊन तो वाढवायचा असतो. तिथे जेवण चिलखतासारखं आहे. बेसभोवती कुंपण घालताना भारी जेवण पोटात घातलं तर ते वाया जातं, आणि बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, अर्धपोटी गेलात तर दोन फटक्यांत संपता. सप्टेंबर २०२१ च्या हार्थ अँड होम अपडेटपासून पदार्थांची हेल्थ देणारे आणि स्टॅमिना देणारे अशी विभागणी झाली. त्यामुळे तिन्ही जागा मांसाने भरणारा खेळाडू मार खूप सोसतो, पण पळायची वेळ आली की त्याचा दम तुटतो. मी लढाईला जाताना दोन हेल्थचे आणि एक स्टॅमिनाचा घेतो, आणि खाणीत किंवा समुद्रावर जाताना नेमकं उलट करतो.

ग्रीन हेल याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. मनगटावरच्या घड्याळात कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि पाणी असे चार वेगळे हिशेब दिसतात. फळांवर फळं खाल्ली तरी प्रथिनांची पट्टी हलत नाही, आणि चारपैकी एक जरी रिकामी राहिली तरी प्रकृती खालावत जाते. द लाँग डार्क कॅलरी मोजतो: पोटात जास्तीत जास्त २५०० मावतात, आणि झोपणं, चालणं, धावणं, लाकूड तोडणं या प्रत्येकाचा खर्चाचा दर वेगळा आहे. तुमचा गेम यांपैकी कुठल्या जातीचा आहे हे कळायला दहा मिनिटं पुरतात. नवा सेव्ह उघडा, थोडा वेळ नुसते उभे राहा, मग तेवढाच वेळ पळा, मग तेवढाच वेळ झाडं तोडा, आणि प्रत्येक वेळी बार किती उतरला ते कागदावर लिहा. एवढी चाचणी केल्याशिवाय मी कुठल्याही नव्या गेममध्ये पहिला खरा दिवस सुरू करत नाही.

आता थोडं गणित. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

माइनक्राफ्टमध्ये तहान नाहीच, पण भुकेचा हिशेब शिकायला तो फार चांगला गेम आहे, कारण त्यातला अर्धा हिशेब पडद्यावर दिसत नाही. पुढचे आकडे जावा आवृत्तीचे आहेत. दहा तंगड्यांचा जो बार दिसतो तो म्हणजे भुकेचे २० गुण. त्यांच्यामागे सॅच्युरेशन नावाचा एक न दिसणारा साठा असतो. आधी तो संपतो आणि मगच तंगड्या उतरू लागतात. तुम्ही जे काही कष्ट करता त्यांचा थकवा जमा होतो, आणि थकवा ४ झाला की एक गुण खर्ची पडतो. पळताना दर ब्लॉकला, म्हणजे गेममधल्या जगाच्या एका ठोकळ्याला, ०.१ थकवा येतो, म्हणजे ४० ब्लॉक पळालं की एक गुण गेला. साधं चालणं फुकट आहे.

या मापाने पदार्थ तोलून बघा. स्टेक भुकेचे ८ आणि सॅच्युरेशनचे १२.८ गुण देतो. एकूण २०.८, म्हणजे सुमारे ८३२ ब्लॉक पळण्याइतकं बळ. ब्रेड ५ आणि ६ देतो, म्हणजे ४४० ब्लॉक. कुकी २ आणि ०.४ देते, म्हणजे जेमतेम ९६. सोनेरी गाजर पडद्यावर स्टेकपेक्षा कमी, फक्त ६ गुण भरताना दिसतं, पण त्याच्यामागे १४.४ सॅच्युरेशन असतं, म्हणून अनुभवी खेळाडू ते जपून ठेवतात. नुसत्या तंगड्या मोजून पदार्थ निवडणारा खेळाडू दिवसभर खात राहतो तो याचमुळे.

पण या हिशेबातला सगळ्यात मोठा खर्च पळण्याचा नसतो. जखम भरून येण्याचा असतो. जीव दाखवणाऱ्या बदामांपैकी अर्धं हार्ट भरून यायला ६ थकवा लागतो, म्हणजे दीड गुण. पाच हार्टं भरायची तर १५ गुण गेले. तेवढ्यात तुम्ही ६०० ब्लॉक पळाला असता. ज्यांचं खाणं भराभर संपतं त्यांना मी शेत वाढवायला सांगत नाही. आधी लोखंडी चिलखत करा, रात्री बाहेर पडू नका आणि उंचावरून उड्या मारणं थांबवा, एवढंच सांगतो. मार कमी खाल्ला की जेवणही कमी लागतं. हा नियम बहुतेक सगळ्या सर्व्हायव्हल गेमना लागू पडतो, आणि तरीही खाण्याचा विचार करताना तो कोणाच्या लक्षात येत नाही.

खाण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. सॅच्युरेशन कधीही भुकेच्या आकड्यापेक्षा वर जाऊ शकत नाही. समजा भूक २ वर आली आहे आणि खिशात एक स्टेक आणि एक सफरचंद आहे. आधी स्टेक खाल्लात तर भूक १० होते, आणि सॅच्युरेशन १२.८ व्हायला हवं होतं ते १० वरच अडतं. मग सफरचंद खाल्लं की भूक १४ आणि सॅच्युरेशन १२.४. हेच आधी सफरचंद आणि मग स्टेक असं केलंत तर भूक १४ आणि सॅच्युरेशनही १४. पोट अगदी रिकामं असताना साधं खाणं आधी आणि भारी खाणं शेवटी, हे त्यातून निघतं.

बार कायम भरलेला ठेवायचा का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडतं. माइनक्राफ्टमध्ये दोनच उंबरठे कामाचे आहेत. भूक १८ किंवा त्याहून जास्त असेल तर जखमा आपोआप भरतात, आणि ६ किंवा त्याहून खाली गेली की पळता येत नाही. ७ ते १७ या पट्ट्यात तुम्ही कुठेही असलात तरी काही फरक पडत नाही. खाणीत निवांत दगड फोडताना भूक ९ वर असेल तर राहू द्या. लढाईच्या आधी किंवा लढाई संपल्यावर खा. प्रत्येक गेममध्ये असे एक-दोन उंबरठे असतात. ते शोधा आणि मधल्या पट्ट्यात बारकडे बघणं सोडून द्या. दिवसातले कितीतरी हेलपाटे एवढ्यानेच वाचतात.

अर्थात, उपाशी राहण्याचा फायदा घेता येऊ नये म्हणून काही गेम मुद्दाम वेगळे घडवलेले आहेत. द लाँग डार्कमध्ये एक जुनी युक्ती होती: दिवसभर उपाशी राहायचं, कंडिशन (प्रकृतीचा आकडा) थोडी घसरू द्यायची आणि झोपण्याआधी थोडं खाऊन रात्रीत ती भरून काढायची. खाणं खूप वाचायचं. त्यावर पुढे गेममध्ये असा लाभ आला की सलग तीन दिवस पोट पूर्ण रिकामं होऊ दिलं नाही तर कंडिशनची मर्यादा ५ टक्क्यांनी वाढते आणि ५ किलो जास्त वजन उचलता येतं. ५ किलो म्हणजे पाच लिटर पाणी किंवा चांगली दीड-दोन दिवसांची सरपणाची मोळी. माझ्या मते हा लाभ सोडून कॅलरी वाचवणं तोट्याचं आहे, फक्त सेव्हच्या अगदी शेवटच्या काळात, शिकार मिळेनाशी झाल्यावर, जुनी युक्ती पुन्हा कामी येते.

आता पाणी. इथे मी सगळ्यात आग्रही आहे, कारण माझे चांगले चाललेले सेव्ह बहुतेक पाण्यानेच घेतले.

बेस कुठे करायचा हे पाण्यावरून ठरवा. खाणं तुम्ही बरोबर नेऊ शकता. सुकवलेलं मांस हलकं असतं, डबाबंद खाणं टिकतं. पाणी मात्र जड असतं. द लाँग डार्कमध्ये एक लिटरला एक किलो, खऱ्या जगात असतं तसंच. शिवाय तहान भुकेपेक्षा वेगाने मारते. त्याच गेममध्ये तहानलेल्या माणसाची कंडिशन उपाशी माणसाच्या साधारण दुप्पट वेगाने उतरते. सुंदर दृश्य दिसतं म्हणून टेकडीच्या माथ्यावर घर बांधणारे आणि मग रोज खाली झऱ्यावर उतरणारे खेळाडू मी खूप पाहिले आहेत. त्यांचा दिवस त्या उतारावर जातो.

दुसरी गोष्ट भांड्याची. पाणी सापडण्याआधी ते साठवायचं काय, हे ठरवा. आर्कमध्ये सुरुवातीला मिळणाऱ्या पखालीतून पाणी हळूहळू गळत राहतं, म्हणून तिच्या भरवशावर लांबचा पल्ला धरू नये. बरणी किंवा कॅन्टीन (पाण्याची बंद बाटली) हाती येईपर्यंत नदीकाठ सोडायचा नाही. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये तर उलटी मोजणी सुरू असते. गेमच्या कथेत जुलै १९९३ मध्ये केंटकीत सगळं कोसळल्यावरही नळाला काही दिवस पाणी असतं आणि वीजही असते. मूळ सेटिंगमध्ये दोन्ही पहिल्या महिन्याभरात कधीतरी बंद होतात, आणि कुठल्या दिवशी ते आधी कळत नाही. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी घरातली प्रत्येक बाटली, पातेलं आणि बादली भरून ठेवायची. नवे खेळाडू त्या दिवशी शस्त्रं शोधत फिरतात. मी आधी स्वयंपाकघरं धुंडाळतो, रिकाम्या बाटल्यांसाठी. पुढे सुतारकाम जमू लागलं की पावसाचं पाणी साठवणारी पिंपं करता येतात. ते पाणी उकळूनच प्यायचं.

सबनॉटिकामध्ये तुमच्याभोवती समुद्र असतो आणि प्यायला थेंब नसतो. तिथल्या पाण्याच्या पायऱ्या वेळेच्या भाषेत वाचल्या तर फार स्पष्ट दिसतात. सुरुवातीला ब्लॅडरफिश पकडायचा. एका माशाला एक बाटली, तिचे २० गुण. रोज मासे मागे धावून पकडावे लागतात, म्हणून हा मार्ग पहिल्या एक-दोन दिवसांपुरताच. मग मीठ आणि प्रवाळाचा नमुना वापरून पाणी शुद्ध करणारं ब्लीच करायचं. एका ब्लीचमधून प्रत्येकी ३० गुणांच्या दोन बाटल्या निघतात. मीठ आणि प्रवाळ पळून जात नाहीत, येता जाता गोळा होतात. शेवटी बेसमध्ये पाणी गाळण्याचं यंत्र बसवलं की ५० गुणांच्या बाटल्या आपोआप तयार होतात आणि वर मीठही मिळतं. तिन्ही पायऱ्यांवर पाणी तेच, पण पहिल्या पायरीवर ते तुमचा वेळ खातं आणि तिसऱ्या पायरीवर फक्त वीज. पहिल्या पायरीवर रेंगाळलेला खेळाडू "या गेममध्ये सारखी तहान लागते" म्हणतो. ब्लीचची कृती पहिल्या तासातच हाताशी असते, ती वापरा.

बर्फाळ गेममध्ये पाणी म्हणजे आग. हे मला एका सेव्हने शिकवलं, ते सांगतो. द लाँग डार्कमध्ये प्लेझंट व्हॅलीतल्या फार्महाउसमध्ये माझा मुक्काम होता. शिकार उत्तम झाली होती, ओसरीवर वीसेक किलो मांस होतं, आणि मी निश्चिंत होतो. आग पेटवून मांस शिजवायचो, आणि त्या वेळी चुलीच्या दुसऱ्या जागेवर बर्फ ठेवायचा आळस करायचो, कारण बाहेर बर्फ कुठे संपणार होता? काड्या संपल्या. भिंग होतं, पण ते फक्त उन्हात चालतं, आणि हिमवादळ थांबायला तयार नव्हतं. घराबाहेर क्षितिजापर्यंत बर्फ आणि घरात एक घोट पाणी नाही. मांस समोर ठेवून तो माणूस तहानेने गेला. ५० च्या वर दिवस टिकलेला सेव्ह होता तो. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. कुठल्याही कारणाने आग पेटली की ती विझण्याआधी शेवटचं काम पाण्याचं. मांस शिजतंय तर शेजारी बर्फ वितळतो, आणि मांस झालं की उरलेल्या निखाऱ्यांवरही बर्फच. पाण्यासाठी वेगळी आग पेटवावी लागली तर तो दिवस नियोजनात चुकला असं मी धरतो.

टिकण्याच्या बाबतीत प्रत्येक गेमचे स्वतःचे नियम आहेत, पण एक विचार सगळीकडे चालतो: नासणारं आधी खा, टिकणारं प्रवासासाठी राखा. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये वीज असेपर्यंत फ्रिजमधलं खायचं, डब्यांना हात लावायचा नाही. सबनॉटिकात शिजवलेला मासा नासतो आणि खारवलेला नासत नाही, पण खारवलेला मासा खाल्ला की तहान वाढते. म्हणून खारवलेले मासे न्यायचे तर पाण्याची एक बाटली जास्तीची घ्यायची. आर्कमध्ये मांसाचा ढीग एकत्र ठेवला तर नासण्याचं घड्याळ पूर्ण ढिगासाठी एकच चालतं आणि दर फेरीला एक तुकडा जातो. तोच ढीग पाच ठिकाणी वाटला तर पाच घड्याळं चालू होतात. गरज नसताना ढीग फोडू नका.

शिजवण्याविषयी डोन्ट स्टार्व्हचं उदाहरण देतो, कारण तिथे लोक एक गोष्ट ऐकीव माहितीवर करतात. विल्सन या पात्राचं पोट १५० चं आहे आणि दिवसाला ७५ खर्च होतात, म्हणजे भरल्या पोटी दोन दिवस. क्रॉक पॉट या शिजवायच्या भांड्यात एक मांस आणि तीन इतर घटक टाकले की मीटबॉल्स मिळतात, ६२.५ गुणांचे. सहा मीटबॉल्स म्हणजे ३७५, बरोबर पाच दिवस. "सगळं पॉटमध्ये टाका" असा सल्ला सरसकट दिला जातो. पण मोठा मांसाचा तुकडा साध्या आगीवर भाजला तर २५ मिळतात आणि तीन बेरी भाजल्या तर प्रत्येकी १२.५. बेरीज तीच, ६२.५. चांगलं मांस आणि चांगल्या बेरी टाकून तुम्ही गुणांत काहीच कमावलं नाही. पॉटचा खरा फायदा तेव्हा होतो, जेव्हा मांस सशाचा छोटा तुकडा असतो, ज्याचे भाजून फक्त १२.५ मिळतात. किंवा ते मॉन्स्टर मीट, म्हणजे राक्षसी प्राण्यांचं मांस असतं, जे थेट खाल्लं तर जीव आणि मन दोन्ही खचतं, पण पॉटमध्ये एकच तुकडा टाकला तर बाधत नाही. दोन टाकले तर मात्र मॉन्स्टर लझान्या होतो, ते टाळा. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरमध्ये तीन घटक म्हणून नुसता बर्फ टाकला तरी चालतं: एक छोटा तुकडा आणि तीन बर्फ, झाले ६२.५. शिवाय घटक शिळे होत आलेले असतील तर शिजलेला पदार्थ त्यांच्यापेक्षा ताजा निघतो. म्हणून मी घटक संपूर्ण शिळे व्हायच्या थोडं आधी शिजवतो, मिळाल्या मिळाल्या नाही.

रिमवर्ल्डसारख्या वसाहतीच्या गेममध्ये मात्र लगेच शिजवणं फायद्याचं, कारण तिथे ०.५ पोषणाच्या कच्च्या मालातून ०.९ पोषणाचं साधं जेवण होतं, आणि ० अंशांखालच्या खोलीत ते नासतही नाही. फक्त स्वयंपाकघर स्वच्छ ठेवा आणि स्वयंपाकाला हात बसलेला माणूस लावा, नाहीतर अन्नातून विषबाधा होऊन अख्खी वसाहत आडवी होते.

आजारपणावर फार लिहीत नाही. कच्चं मांस, साचलेलं पाणी आणि मांसभक्षक प्राण्यांचं मांस या तीन गोष्टींबाबत कुठल्याही नव्या गेममध्ये संशय धरा. द लाँग डार्कमध्ये लांडग्याचं आणि अस्वलाचं मांस शिजवूनही जंत होऊ शकतात, स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीवर गेल्यावरच ती भीती जाते. डेझीमध्ये विहिरीचं पाणी निर्धोक असतं, पण रक्ताने माखलेल्या हातांनी खाल्लं तर आजारी पडता. शिकार सोलल्यावर आधी हात धुवा.

लांबच्या फेरीसाठी मी गुहेत पोहणाऱ्या पाणबुड्यांचा नियम उसना घेतला आहे. ते टाकीतली हवा तीन भागांत वाटतात: एक भाग जायला, एक परत यायला, एक अडचणीसाठी. मी पाण्याच्या बाटल्या तशाच वाटतो. तीन असतील तर पहिली संपली की जिथे असेन तिथून मागे फिरतो. समोर कितीही चांगली लूट दिसत असली तरी. तुम्ही लांब असताना तहानेने मरता असं लिहिलं आहे, ते बहुतेक दुसऱ्या बाटलीच्या तळाशी पोचल्यावर "आता एवढंच बघून येतो" म्हणताना झालं असणार. फेरीची वाट कायम झाली की तिच्या मध्यावर एक छोटी पेटी ठेवा. दोन बाटल्या, टिकाऊ खाणं आणि आग पेटवायचं साहित्य. अशी एक पेटी तुमचा पल्ला जवळजवळ दुप्पट करते, कारण घरून निघताना तेवढं ओझं वाहावं लागत नाही. बेस मोठा करण्याआधी मी अशा दोन पेट्या ठेवतो.

आता साठ्याचा प्रश्न. तुम्हाला गेम जास्तीत जास्त किती काळ कोंडून ठेवू शकतो, तेवढ्या दिवसांचं खाणं आणि एका फेरीची शिदोरी, एवढा साठा पुरे. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरमध्ये मूळ सेटिंगला २१ व्या दिवशी हिवाळा लागतो आणि १५ दिवस चालतो. बेरीची झुडपं पुन्हा धरत नाहीत. १५ दिवसांना ७५ च्या हिशेबाने ११२५ गुण लागतील, म्हणजे १८ मीटबॉल्स. पण मीटबॉल्स बाहेर १० दिवसच टिकतात. आइस बॉक्समध्ये नासण्याचा वेग निम्मा होतो, म्हणून २० दिवस. म्हणजे हिवाळ्याआधी १८ मीटबॉल्सपेक्षाही आइस बॉक्स जास्त महत्त्वाचा, आणि वाळवणीवर टांगलेलं मांस त्याहून बरं, कारण मोठा तुकडा दोन दिवसांत वाळतो आणि पुढे २० दिवस कशाशिवायही टिकतो. जिथे ऋतू नाहीत तिथे मी तीन दिवसांचा साठा धरतो. त्यावर जमा होणारं खाणं बहुधा नासतं, आणि ते जमवायला गेलेले तास तर परत येतच नाहीत.

शेतीविषयी एवढंच, की ती गरज पडण्याच्या दहा दिवस आधी लावायची असते आणि येता जाता पाणी घालता येईल इतक्या जवळ. सबनॉटिकात बेसच्या आत कुंडीत लावलेली मार्बलमेलनं भूक आणि तहान दोन्ही भागवतात. लांब शेत करून त्याच्याकडे रोज चालत जाणं म्हणजे शिकारीचा हेलपाटा दुसऱ्या नावाने करणं. चौघं मिळून खेळत असाल तर स्वयंपाक आणि साठा एकाकडेच द्या. चौघं आपापलं खाणं शोधत फिरले की एका माणसाचं काम चौघांचा दिवस खातं.

तुमच्या चालू सेव्हमध्ये पुढचे दोन दिवस एक करून बघा. घड्याळ समोर ठेवा आणि खाण्यापाण्यासाठी केलेल्या प्रत्येक फेरीची मिनिटं लिहा: पाण्याची वेगळी, शिकारीची वेगळी, शिजवण्याची वेगळी. सगळ्यात मोठा आकडा पाण्याचा निघाला तर बेस हलवा किंवा भांडी वाढवा. शिकारीचा निघाला तर मार कुठे खाताय ते बघा. शिजवण्याचा निघाला तर दोन-तीन दिवसांचं एकदम शिजवा. ते आकडे आणि गेमचं नाव कळवलंत तर त्या गेमच्या उंबरठ्यांसकट पुढचं सांगेन.